वॉटर पंपाचा खालचा बोल्ट

९ जानेवारी, अमरावती

आज सकाळपासून मी मुखदर्शनाला मुकलो आहे. माझा दाढीचा गोल आरसा, लग्नातल्या आहेरांपैकी एवढ्या वर्षांनंतरही धड राहिलेली एकमेव वस्तू, शेजारच्या नागसेन तायडे या गृहस्थाने विचारून (म्हणजे नेल्यानंतर विचारून) नेला. सध्या आरसा त्याच्या जुन्या जीपच्या पोटात तेलाच्या राड्यात पालथा पडला आहे. मी स्टीलच्या ताटात बघून दाढी केली. ताटात माणूस ओळखू येतो, पण हनुवट्या दोन दिसतात. तसं बायकोला, सिंधूला, सांगितलं, तर म्हणाली, "दोनच आहेत."

अशा अन्यायाची बातमी अकोल्याचं आमचं दैनिक छापणार नाही. मी अमरावतीहून पाठवलेल्या मजकुरातले संस्कृत शब्द तिथला उपसंपादक खड्यासारखे वेचून काढतो. परवा माझा 'भस्मसात' त्याने 'जळून खाक' केला. म्हणून ही तक्रार इथे, जिथे कोणी काटछाट करत नाही.

आरसा नेण्याचं कारण असं. जीपच्या वॉटर पंपातून पाणी गळतं. पंपाचा सगळ्यात खालचा बोल्ट डोळ्यांना दिसत नाही, आरशातच दिसतो. नागसेन आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा निदेशक, म्हणजे मास्तर, होता, निम्म्या जिल्ह्याच्या गॅरेजांत त्याने शिकवलेले पोट्टे आहेत. त्यामुळे त्याने वर्णन केलं की ऐकावं लागतं.

आणि हे सगळं आत्ताच कशासाठी? तर पैजेसाठी. ललितावहिनी गेल्यापासून नागसेन एकटा राहतो. दिवाळीनंतर त्याची मुलगी भावना अकोल्याहून आली, तेव्हा गॅसवर दूध करपून पातेलं लाल झालेलं तिला दिसलं. वर कोणीतरी तिला सांगितलं की बाबांनी इतवारा बाजारात स्कूटर ठेवली, पायी घरी आले आणि चोरीची तक्रार द्यायला ठाण्यात गेले. झालं. "बाबा, घर बंद करा, जठारपेठेत माझ्याकडे चला." नागसेन उखडला. म्हणाला, "जीप मी सोता उघडीन, सोता बांधीन, सोता चालवत तुझ्या दारात आणीन. आणली तर हा विषय बंद. नाई आणली तर तू म्हणशील तसं." ती त्याचीच पोरगी, कबूल म्हणाली. प्रजासत्ताक दिनानंतरचा शनिवार ठरला.

मी तर चष्मा कपाळावर ठेवून घर धुंडाळतो. मला कोणी अकोल्याला नेत नाही.

११ जानेवारी

अपशकुन. खालचा बोल्ट तुटला.

तसं काम देखणं चाललं होतं. पुढचा रेडिएटर काढून भिंतीला टेकवलेला, जुना पंप उतरवलेला, नवा बसवलेला. उजेडासाठी बॅटरी धरायला मी. नागसेनची एक पद्धत आहे, ती त्याने पोट्ट्यांच्या पिढ्यान् पिढ्यांना घोटून शिकवली: बोल्ट पुरता आवळला की त्याच्या डोक्यावर खडूची एक रेघ. रेघ असली की त्याला पुन्हा हात लावायचा नाही. मग मध्ये जेवायला जा, भांडायला जा, परत आल्यावर विचारायचं नाही, 'हा झाला का रे?' रेघ सांगते. यावरून पोरं त्याला मागे 'खडूसर' म्हणत, असं तो स्वतःच सांगतो. त्यातली गंमत पोरांनी जेवढी घेतली असेल, त्याहून त्याने जास्त घेतली आहे.

शेवटचा फेरा चालला होता. कट्, एवढाच आवाज आला. पाना सैल होऊन त्याच्या मनगटावर आदळला आणि बोल्टचं डोकं टपकन खाली पडलं. बाकीचा देह इंजिनात.

"गंजला होता सायचा," नागसेन म्हणाला.

मी डोकं उचललं. वर पांढरी रेघ छान ठळक होती. मी म्हणालो, "याला तर तू पास केलं होतंस की!"

त्याने ते माझ्या हातातून घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि खिशात टाकलं. विनोद आवडला नसावा. आज माझे विनोद एकूणच कोणाला आवडत नाहीत.

१३ जानेवारी

गंज सोडवण्याचा पहिला उपाय: धीर. बोल्टच्या मुंडक्याविना उरलेल्या तुकड्यावर डिझेल आणि तेल सोडायचं आणि मुरू द्यायचं. म्हणजे काल काही झालं नाही, आज काही झालं नाही. पुराणात तपश्चर्या म्हणत ती हीच असावी, फक्त तिथे शेवटी देव येतो.

वाट पाहताना नागसेनने मंत्र्यांच्या भेटीची गोष्ट सांगितली. मंत्री वर्कशॉप बघायला आले, पोरांनी घाबरून इंजिन उलटं बांधलं आणि मंत्री म्हणाले, 'वा, नवीन मॉडेल!' गोष्ट फक्कड आहे. चहानंतर त्याने पुन्हा सांगितली. संध्याकाळी फाटकाशी उभं राहून तिसऱ्यांदा सुरू केली, तेव्हा मी मध्येच म्हणालो, "आणि मंत्री म्हणाले, नवीन मॉडेल!"

तो थबकला. "अबे, तुले कसं मालूम?"

चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही. कोरडा विनोद करावा तर असा. मी घरी येऊन सिंधूला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "भाऊजी रात्रीचं नीट जेवतात का, बघा जरा."

१५ जानेवारी

तिळगूळ घेऊन सिंधू त्याच्याकडे गेली आणि येताना कणीक मळून, पोळ्या करून, फ्रीज पुसून आली. तिळगुळाला एवढा वेळ लागत नाही, असं मी म्हणालो.

दुपारी भावनाचा फोन. ती अकोल्यात पाटबंधारे खात्यात आहे. बोलते तेव्हा बंधाऱ्याची दारं मोजून उघडावीत तशी बोलते.

"काका, तुमी रोज असता बाबांसोबत. कसं चाललं?"

"झकास. पंप बसला. एक बोल्ट तुटलाय फक्त."

"कोणाच्या हातानं?"

"त्याच्याच. मला कोण पाना देतो?"



"बाबांच्या हातानं बोल्ट तुटला?"

"अगं, जुनी गाडी. गंज असतो. तुटतात बोल्ट."

"आमच्या घरी कधी तुटले नाही, काका," ती म्हणाली. "बाबा म्हणायचे, बोल्ट तुटत नसते, माणूस तोडते."

मी गंजाविषयी आणखी दोन-तीन वाक्यं बोललो. वार्ताहराला घटनास्थळी नसताना बोलायची सवय असते. इथे तर मी घटनास्थळी होतो, त्यामुळे जास्तच आत्मविश्वासाने बोललो.

१८ जानेवारी

दुसरा उपाय: छिद्र. तुटलेल्या बोल्टच्या बरोब्बर मध्यावर ठोक्याने खूण करायची, बारीक ड्रिलने भोक पाडायचं आणि त्यात उलट्या आट्यांची शलाका घालून बोल्ट मागे फिरवायचा. याला हे लोक 'ईजी आउट' म्हणतात. नावात सहजता आहे, कामात नाही. "मध्य साधला का अर्धं काम झालं," हे नागसेनचं वाक्य मी भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे.

मध्य साधला नाही. भोक एका कडेला गेलं.

मग त्याने ड्रिल थांबवलं. हातात धरून राहिला. ड्रिलकडे पाहिलं, इंजिनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता?"

मी ओळखलं, माझी तोंडी परीक्षा चालली आहे. आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस. सवय जात नाही. मी ऐटीत उत्तर दिलं, "आता शलाका घालायची, डावीकडे फिरवायची, जोर लावायचा नाही, कारण ती आत मोडली तर कोणतंही ड्रिल तिला भेदत नाही." शब्दन् शब्द त्याचाच, आठवड्यापूर्वीचा.

"शाब्बास," तो म्हणाला. पण शलाका घातली नाही. आत गेला आणि दार लावून घेतलं. आरसा, पाने, ड्रिल, सगळं अंगणात. थंडीत मीच आवरलं. कोणता पाना कुठे ठेवायचा ते मला कळेना. त्याच्या पेटीत प्रत्येक पान्याची जागा ठरलेली, पण पेटीतल्या निम्म्या जागी दुसरेच पाने होते. हल्ली शेजारची पोरं वस्तू नेतात आणि कशाही ठेवतात, असं मागे तोच म्हणाला होता.

२० जानेवारी

मी फितुरी केली. पैजेच्या अटीत 'सोता' हा शब्द आहे. त्याचा अर्थ बदलण्याइतकं संस्कृत मला येत नाही. तरीही मी बडनेरा रोडवर देवीदासकडे गेलो.

देवीदास हा नागसेनचा जुना विद्यार्थी. तीन गॅरेजं, गळ्यात चेन, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि कामगारांवर ओरडणं असं की बडनेऱ्याच्या स्टेशनात गाडी थांबावी. मी जपून सांगितलं: सरांना कळू देऊ नकोस, जाता जाता आल्यासारखा ये.

त्याने चष्मा काढला. "काका, सरच्या हातून तुटला? तुमी पाह्यलं?"

हा प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला गेला. या जिल्ह्यात बोल्ट तुटणं ही एवढी मोठी बातमी आहे, हे मला पत्रकारितेत कोणी सांगितलं नव्हतं.

२१ जानेवारी

निघाला!

देवीदास ठरल्याप्रमाणे 'सहज' आला. अभिनय इतका वाईट की मी दुसरीकडे पाहिलं. "नमस्कार सर, इकडूनच जाऊन रायलो होतो, म्हटलं सरले भेटून जावं. अरे, जीप उघडली काय?"

नागसेन चिडेल असं वाटलं होतं. तो चिडला नाही. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "पाह्य बरं. मी पाह्यतो तुले अजून येते का."

देवीदासने बोल्टच्या कडेला टोकदार छिन्नी टेकवली आणि बारक्या हातोडीने उलट्या दिशेला टिचक्या मारल्या. बोल्ट हलला. मग बोटाच्या टोकाने, हो, नुसत्या बोटाने, त्याने तो गोल गोल फिरवत बाहेर काढला. एवढे दिवस तेल पाजून आम्ही ज्याची आराधना केली, तो असा लाजरा पाहुणा निघावा! मी टाळ्या वाजवल्या. आणखी कोणी वाजवल्या नाहीत.

नागसेन म्हणाला, "जमलं. बस, चहा घे." आणि आत आधण ठेवायला गेला.

फाटकाशी देवीदासने मला तो तुकडा दाखवला. "हे आटे पाहा, काका. चकचकीत. गंजाचा कणभर डाग नाई. गंजलेला असता तर असा बोटानं आला असता का? हा आवळलेला असून पुन्हा आवळला, म्हून तुटला. पह्यल्या वर्षाचं पोट्टं करते असं."

"होतं कधी कधी," मी म्हणालो.

"सरकडून?" तो म्हणाला. "सरनं आमच्या बोटावर पट्ट्या मारल्या रेघ पाह्यली नाई म्हून." मग चष्मा घातला. "तुमी शेजारी राह्यता. ध्यान ठेवा."

त्याच्या आवाजातली दया मला आवडली नाही. माणसाने तीन गॅरेजं काढली म्हणून गुरूविषयी असं बोलावं? चहाला साखर नव्हती, तेही कोणी बोललं नाही; आम्ही तिघांनी गोड मानून घेतला. नवा बोल्ट नागसेनने स्वतः आवळला. मी रेघेकडे बघत होतो. तोही.

२७ जानेवारी, अकोला (भावनाच्या घरून)

जिंकलो.

सकाळी निघालो. शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांचं एक खोकं मागे, सिंधूने दिलेला डबा पुढे. जीप अशी चालली की दर्यापूरकडे जाणाऱ्या काळीपिवळी टॅक्सीवाल्यांनी वळून पाहावं. नागसेनचे हात स्टेअरिंगवर असताना मी तो निवृत्त आहे हे विसरलो. गिअर लोण्यातून काढावा तसा. मूर्तिजापूरला थांबून पंपाखाली हात फिरवला, कोरडा.

अकोला आलं तसं तो हळू झाला. माझ्या संस्कृतावरून तो मला पंडित म्हणतो. म्हणाला, "पंडित, आता तू सांग. डावीकडं का उजवीकडं?"

मी म्हटलं, पुन्हा परीक्षा. "डावीकडे."

पुढच्या चौकात पुन्हा, "आता?" त्याच्या पुढच्या चौकात विचारलंही नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. लग्न करून दिल्यापासून भावना याच घरात आहे. तो इथे माझ्यापेक्षा शंभरपट जास्त वेळा आला असेल. मी डावीकडे, उजवीकडे, सरळ, असं सांगत गेलो, आणि सांगता सांगता माझ्या बोलण्यातली परीक्षेची ऐट कुठे गेली ते मला कळलं नाही.

भावना फाटकात उभी होती. जीप थांबली तशी तिने बापाच्या पायांना हात लावला, मग बॉनेटला. डोळे भरलेले. "जिंकले बाबा तुमी. आता मी काही बोलणार नाही."

"कोणत्या रस्त्यानं आले?" तिने सहज विचारलं.

नागसेनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नेहमीच्याच."

जेवणानंतर तिने मला अंगणात गाठलं. "काका, तुमाले सगळं ठीक वाटते ना? तुमी म्हणाल ते मी मानते."

मी म्हणालो, "ठीक आहे."

२८ जानेवारी

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरला चहा घेतला. रविवार, टपरीवर गर्दी नव्हती. नागसेन जीपकडे बघत होता. म्हणाला, "तो बोल्ट गंजला नव्हता, पंडित."

"देवीदास काहीही बोलतो."

"देवीदास माह्यापाशी काईच बोलला नाई. मले मालूम हाय. रेघ होती त्याच्यावर. म्या पाह्यली होती रेघ. आवळायच्या आधी पाह्यली." त्याने कप खाली ठेवला. "पण ते रेघ कायची असते, तेच आठोलं नाई मले."



"मी भेव्लो," तो म्हणाला. "मंग तूच म्हणाला, याले पास केलं होतं म्हून. तवा आठोलं."

आमच्या मागे एक ट्रक सुरू होऊन गेला.

"भावनाले तू काई सांगू नको. ते पोरगी उद्याच टेम्पो घेऊन येईन. तू असं कर. ज्या दिवशी तुले वाटन का आता यानं एकटं राहू नये, त्या दिवशी मले सांग. तिले नाई, मले. मी सोता बॅग भरीन. कोणी मले उचलून नेऊ नये, एवढंच. सांगशीन?"

"सांगेन."

"नरम नको सांगू. संस्कृतात त बिलकुल नको."

आम्ही हसलो. नंतर घरापर्यंत त्याने मंत्र्यांची गोष्ट सांगितली आणि मी शेवट पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकला.

३१ जानेवारी

सकाळी भिंतीपलीकडे पान्यांचा आवाज. जाऊन पाहिलं तर बॉनेट उघडं, रेडिएटर पुन्हा भिंतीला टेकवलेला, आणि नागसेन वॉटर पंपाचे बोल्ट काढत बसलेला.

"काय करून राहिलास?"

"पाणी गळते ना पंपातून. शनिवारी अकोल्याले जायचं हाय, भावनासंग शर्त लागली. बॅटरी धर बरं."

मी बॅटरी धरली. खाली एक थेंब नव्हता. नव्या पंपाचा रंग अजून ताजा होता आणि प्रत्येक बोल्टवर त्याच्याच हातची रेघ होती. तो एकेक काढत होता.

थोड्या वेळाने मी म्हणालो, "किल्ली दे. मला बातमीसाठी बडनेऱ्याला जायचंय." त्याने खिशातून काढून दिली. "सांभाळून चालोजो," म्हणाला. मला जीप चालवता येत नाही. मला शिकवायचा प्रयत्न त्यानेच केला होता आणि हात जोडले होते. त्यावरून त्याने माझी आयुष्यभर टर उडवली आहे. ते त्याला आठवलं नाही, आणि रेडिएटर भिंतीला असताना जीप चालत नाही हेही.

किल्ली सिंधूच्या हातात दिली. तिने ती लगेच पिठाच्या डब्यात लपवली. तिला महिनाभर माहीत असावं.

तो दिवस आजचा आहे, हे मला कळतं. त्याने मागितलेला शब्द मी दिला आहे, आणि सबंध दुपार मी त्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो आहे. तो अकोल्याला गेला की भिंतीपलीकडे कोणी नसेल, ही भीती आहे, पण ती माझी मी सोसेन. खरी भीती दुसरी आहे. आज सांगितलं तर तो ऐकेल, आत जाऊन बॅग काढेल. आणि अर्धी भरल्यावर मला विचारेल, "पंडित, ही बॅग काहून भरून रायलो मी?" मग मला पुन्हा सांगावं लागेल. मला ते दुसऱ्यांदा, पाचव्यांदा, कितव्यांदाही सांगता येईल. पण त्याला ते प्रत्येक वेळी पहिल्यांदाच कळेल.